विश्लेषण : सरपंच ठरला, पण उपसरपंच कोण? अमेरिकेतल्या ‘जोडी’वरून येरमाळ्याने काय घ्यावे?

अमेरिकेची पुढची अध्यक्षीय निवडणूक २०२८ मध्ये आहे. तिथे जोड्या जुळवण्याचे काम मात्र २०२५ पासूनच सुरू झाले. जे. डी. व्हान्स उभे राहिले तर त्यांच्यासोबत मार्को रुबियो असतील का, यावर चर्चा झडल्या. डेमोक्रॅटिक पक्षात तर पहिलाच माणूस ठरलेला नव्हता, तरी दुसऱ्याच्या नावांच्या याद्या तयार! नवरदेवाचा पत्ता नाही आणि करवल्या कोण, यावर वाद, असा हा प्रकार.

येरमाळ्यात महामार्गावरच्या हॉटेलात चहा घेत मोबाइलवर हे वाचणारा माणूस सहज म्हणेल, ‘त्यांचं ते बघतील, आपल्याला काय करायचंय?’ पण ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की त्याच हॉटेलात, त्याच टेबलावर नेमका हाच प्रश्न चघळला जातो. ‘सरपंचाचं नाव तर कळलं, पण उपसरपंच कुणाला करायलेत?’ पॅनेलप्रमुखाला विचारले तर तो हसून विषय बदलतो. ‘आधी निवडून तर येऊ द्या,’ हे त्याचे ठरलेले उत्तर.

हे उत्तर मतदाराने मान्य करू नये, असे या लेखाचे म्हणणे आहे. ते का, हे समजायला आधी अमेरिकेत काय चालते ते थोडक्यात पाहू.

ही ‘जोडी’ ठरते कशी?

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाचा हायकमांड ठरवत नाही. राज्याराज्यांत पक्षांतर्गत मतदान होते, त्याला ‘प्रायमरी’ म्हणतात. त्यात जिंकलेला उमेदवार मग उपाध्यक्षपदासाठी आपला जोडीदार निवडतो. हा ‘रनिंग मेट’. शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आला आहे. आपल्याकडे शर्यत म्हटले की बैलजोडी डोळ्यांसमोर येते. एका जुवाला दोन बैल, आणि एक बसला की दुसऱ्यालाही थांबावे लागते. अमेरिकेतल्या मतदाराला या जोडीतला एक घेऊन दुसरा नाकारता येत नाही. मतपत्रिकेवर दोघांची नावे एकत्र असतात आणि मत दोघांना मिळून पडते.

पूर्वी असे नव्हते. सर्वाधिक मते मिळवणारा अध्यक्ष आणि त्याच्या खालोखालचा उपाध्यक्ष, अशी पद्धत होती. म्हणजे निवडणुकीत एकमेकांचे वाभाडे काढणारे दोघे चार वर्षे एकाच घरात. ते जमेना, म्हणून १८०४ मध्ये बारावी घटनादुरुस्ती करून दोन्ही पदांसाठी मतदान वेगळे केले. एकाच पक्षाची जोडी उभी करण्याची वाट त्यातून मोकळी झाली.

या जोडीला एवढे महत्त्व का, याचे उत्तर इतिहासात आहे. अमेरिकेचे आठ अध्यक्ष पदावर असताना मरण पावले, त्यांतल्या चौघांची हत्या झाली. नववे रिचर्ड निक्सन, त्यांनी १९७४ मध्ये राजीनामा दिला. या नऊही वेळा पुन्हा निवडणूक झाली नाही. उपाध्यक्ष थेट अध्यक्ष झाला आणि उरलेली मुदत त्याने पूर्ण केली. हॅरी ट्रुमन उपाध्यक्ष होऊन तीन महिनेही झाले नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट गेले आणि महायुद्धासकट सगळा कारभार ट्रुमन यांच्या अंगावर पडला. अणुबॉम्बवर टाकायचा निर्णय चार महिन्यांत त्यांनाच घ्यावा लागला. त्यामुळे तिथला मतदार दुसरे नाव वाचतो तेव्हा ‘उद्या वेळ आली तर हा चालेल का’ हे पाहतो. निदान पाहायची संधी तरी त्याला मिळते.

मग तिथे अंदाजबाजी कशासाठी?

कारण नाव जाहीर होईपर्यंत प्रत्येक गटाला आशा असते, आणि उमेदवाराला ती आशा हवी असते. बायका, कृष्णवर्णीय, दक्षिणेकडची राज्ये, कामगार संघटना, प्रत्येकाला वाटत राहते की आपला माणूस लागेल. मार्च २०२० मध्ये प्रायमरीच्या वादसभेत जो बायडेन यांनी ‘माझी जोडीदार बाई असेल’ एवढेच सांगितले. नाव सांगायला ऑगस्ट उजाडला. मधले पाच महिने डझनभर नावे हवेत होती. शेवटी कमला हॅरिस यांचे नाव आले. चार वर्षांनी, २१ जुलै २०२४ रोजी बायडेन यांनी ऐन निवडणुकीतून माघार घेतली, तेव्हा पक्षाने दुसरीकडे बघितलेच नाही. २०२० मधली जोडीदाराची निवड २०२४ मध्ये उमेदवाराची निवड ठरली.

लवकर नाव सांगितले की फायदाच होतो, असे मात्र नाही. २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीत टेड क्रूझ ट्रम्प यांच्या मागे पडले होते. २७ एप्रिलला त्यांनी कार्ली फिओरिना यांचे नाव जोडीदार म्हणून जाहीर करून टाकले. उमेदवारीच हातात नाही आणि उपाध्यक्ष ठरला! आठवड्याभरात इंडियाना राज्यात क्रूझ हरले आणि शर्यतीतून बाहेर पडले. घाईने निवडलेला माणूस महागात पडल्याचेही उदाहरण आहे. १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने थॉमस ईगलटन यांना उभे केले. मग त्यांच्या मानसिक आजारावरच्या उपचारांची माहिती बाहेर आली आणि १८ दिवसांत त्यांना बदलावे लागले. बदलावे लागले, पण मतदानाआधी. दुसऱ्या क्रमांकाचा माणूस आधी उजेडात आणायचा तो याचसाठी.

या प्रायमरीच्या फडात एक मराठी माणूसही उतरून आला आहे. चिकोडीत जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत उभे होते. ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. त्या राज्यातही गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर यांची जोडीच मतपत्रिकेवर येते. प्रायमरी जिंकलेल्या ग्रेचन व्हिटमर यांनी आपला जोडीदार नोव्हेंबरच्या मतदानाच्या कितीतरी आधी जाहीर केला होता. ठाणेदार पुढे २०२२ मध्ये अमेरिकेच्या संसदेत निवडून गेले.

महाराष्ट्रात ‘नंबर दोन’ केव्हा ठरतो?

मतदान झाल्यावर. कधी कधी शपथविधीच्या तासभर आधी.

३० जून २०२२ ची दुपार आठवून पाहा. एकनाथ शिंदे मुख्यमंत्री होतील आणि मी सरकारबाहेर राहीन, असे देवेंद्र फडणवीस यांनी पत्रकारांसमोर सांगितले. त्यानंतर दिल्लीतून निरोप आला आणि संध्याकाळी त्यांनी उपमुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. वर्षभराने, २ जुलै २०२३ रोजी अजित पवारही उपमुख्यमंत्री झाले. २०१९ मध्ये मतदान करताना यांतली एकही गोष्ट कुणा मतदाराच्या स्वप्नातही नव्हती.

२०२४ चा निकाल २३ नोव्हेंबरला लागला. भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या. कौल इतका स्पष्ट असूनही शपथविधी व्हायला ५ डिसेंबर उजाडला. मधल्या दिवसांत शिंदे साताऱ्यातल्या आपल्या दरे गावी जाऊन आले आणि राज्यभर एकच चर्चा होती, ‘शिंदे उपमुख्यमंत्रिपद घेतील का?’ टीव्हीवाल्यांची चंगळ झाली. मतदाराचे काम मात्र २० नोव्हेंबरला बोटाला शाई लागली तिथेच संपले होते.

अमेरिकेतली अंदाजबाजी आणि आपली यांतला फरक इथे दिसतो. तिथे तर्क लढवणारा माणूस नंतर त्या जोडीवर मत देतो. आपल्याकडे तर्क लढवायचे आणि गप्प बसायचे.

बरे, या पदाला घटनेत काही आधार? उपराष्ट्रपती घटनेत आहे, विधानसभेचा उपाध्यक्षही आहे. उपमुख्यमंत्री हा शब्दच घटनेत नाही. १९८९ मध्ये देवीलाल यांनी उपपंतप्रधान म्हणून शपथ घेतली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. हे नुसते वर्णन आहे, कायद्याने ते इतर मंत्र्यांसारखेच एक मंत्री, असे त्यावेळी मानले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्येही उपमुख्यमंत्रिपदाविरुद्धची याचिका न्यायालयाने फेटाळली. उपमुख्यमंत्री हा अखेर मंत्रीच असतो, त्यात घटनाभंग नाही, असे सांगून. संख्येलाही मर्यादा नाही. आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये जगनमोहन रेड्डी यांनी एकदम पाच उपमुख्यमंत्री केले होते.

महाराष्ट्राने पहिला उपमुख्यमंत्री पाहिला तो १९७८ मध्ये. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन काँग्रेसनी नंतर मिळून केलेले ते सरकार. बैलजोडी हे काँग्रेसचे जुने चिन्ह, पण ही जोडी काही एका चालीने चालली नाही. जुलैत सरकार पडले. शरद पवार मुख्यमंत्री झाले आणि उपमुख्यमंत्रिपद आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या सुंदरराव सोळंके यांच्याकडे आले. पुढे १९९५ मध्ये परळीचे गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री झाले. मुख्यमंत्रिपदेही मराठवाड्याला मिळाली, पण ‘उप’ या शब्दाशी आपली ओळख जुनी आहे.

मुख्यमंत्री गेला तर उपमुख्यमंत्री वर चढतो का?

नाही. महाराष्ट्रात एकदाही नाही. १९९९ मध्ये मनोहर जोशी गेले, नारायण राणे आले, मुंडे होते तिथेच राहिले. २००३ मध्ये विलासराव देशमुख गेले, सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे आले, छगन भुजबळ उपमुख्यमंत्रीच. २००८ मध्ये मुंबई हल्ल्यानंतर विलासराव आणि आर. आर. पाटील दोघेही गेले. २०१० मध्ये अशोक चव्हाणांच्या जागी दिल्लीहून पृथ्वीराज चव्हाण आले. फडणवीस उपमुख्यमंत्री होते आणि मग मुख्यमंत्री झाले हे खरे, पण ते नवी निवडणूक झाल्यावर.

कारण उघड आहे. आपल्याकडे उपमुख्यमंत्री बहुधा मित्रपक्षाचा असतो. तो पहिल्याचा वारस नसतो, पहिल्यावर ठेवलेला पहारा असतो. २००४ मध्ये राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या. मोठा पक्ष असूनही राष्ट्रवादीने मुख्यमंत्रिपद सोडले आणि उपमुख्यमंत्रिपदासह जास्तीची मंत्रिपदे घेतली. तो हिशेबाचा मामला होता. त्यामुळे मुंबईच्या पातळीवर दुसरे नाव आधी कळले नाही, तरी मतदाराचे फार बिघडत नाही, असे कुणी म्हटले तर मी फार भांडणार नाही.

गावात मात्र बिघडते.

उपसरपंचाचे महत्त्व इतके का?

कारण महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात उपसरपंच हे खरेखुरे पद आहे. सरपंच गैरहजर असेल तर सभा तो चालवतो. सरपंचाचे पद रिकामे झाले तर नवा सरपंच निवडून येईपर्यंत कारभार त्याच्याकडे जातो. उपमुख्यमंत्र्याला जे कधी मिळाले नाही, ते उपसरपंचाला कायद्याने मिळते. या बाबतीत गावाचा उपसरपंच मंत्रालयापेक्षा व्हाइट हाऊसच्या जास्त जवळ आहे!

आणि सरपंचपद रिकामे होणे ही काही शंभर वर्षांतून एकदा घडणारी गोष्ट नाही. जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिले नाही, अपात्र. तिसरे अपत्य, अपात्र. घरातल्या कुणाचे सरकारी जागेवर अतिक्रमण, तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे. मृत्यू आणि राजीनामा आहेतच. अविश्वास ठराव थेट निवडून आलेल्या सरपंचावर आणणे अवघड केले आहे. तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेची मोहोर लागते. तरी तो आणला जातो, किंवा आणण्याची भीती घातली जाते.

समजा चैत्री पौर्णिमा तोंडावर आली आहे. येडेश्वरीच्या यात्रेला लाखो भाविक येणार, पालखी आमराईकडे निघणार, चुनखडी वेचायला माणसांचा लोंढा लागणार. पाणी, दिवे, स्वच्छता, कचरा, सगळ्यांसाठी लोक ग्रामपंचायतीच्या दारात उभे. अशा वेळी सरपंचपद रिकामे झाले, तर सही कुणाची चालेल? ज्याचे नाव मतदानाच्या दिवशी या पदासाठी कुणी उच्चारलेही नव्हते, त्याची.

आता मुख्य गोष्ट. सरपंचपदाला आरक्षण आहे. अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग यांच्यासाठी जागा आहेत आणि २०११ पासून निम्मी पदे महिलांसाठी आहेत. उपसरपंचपदाला आरक्षण नाही. त्यामुळे सोडतीत सरपंचपद राखीव निघाले, की गावात वर्षानुवर्षे सत्ता असलेली घरे आपला मोहरा उपसरपंचपदाकडे वळवतात. बाई सरपंच, पण कागद उपसरपंचाच्या बैठकीतून फिरून येणार, हे चित्र ज्याने पाहिले नाही असा माणूस आपल्या भागात शोधावा लागेल. ‘सरपंचपती’ या शब्दावर आपण हसतो. त्याच्या शेजारच्या खुर्चीत कोण बसले आहे, तिकडे कुणाचे लक्ष नसते.

यात एक वाकडी सोय आहे. सरपंच अडचणीत आली, अपात्र ठरली, तर कारभार ज्याच्याकडे जाणार तोच उपसरपंच. म्हणजे सरपंच जाण्यात ज्याचा फायदा आहे, तोच तिचा सहायक. नवी निवडणूक त्याच आरक्षणाने होते हे खरे, पण ती होईपर्यंतचे महिने त्याचे. अमेरिकेतही उपाध्यक्षाला वारसा मिळतो, पण तिथे तो उमेदवाराने स्वतः निवडलेला असतो. इथे सरपंच थेट जनतेतून येतो आणि उपसरपंच सदस्यांच्या बेरजेतून. दोघे वेगळ्या पॅनेलचेही असू शकतात. अमेरिकेने १८०४ मध्ये जी घोडचूक दुरुस्त केली, ती आपल्या गावात आजही उभी आहे.

ही पद्धत आली कुठून?

२०१७ मध्ये फडणवीस सरकारने थेट जनतेतून सरपंच आणला. २०२० मध्ये महाविकास आघाडीने तो रद्द केला. २०२२ मध्ये शिंदे सरकारने परत आणला. दर वेळी भांडण पहिल्या खुर्चीवर झाले, दुसरीचा विचार तिन्ही वेळा मागेच राहिला. उपसरपंच पूर्वीसारखाच पहिल्या सभेत सदस्यांनी निवडायचा. फक्त त्या निवडीत थेट सरपंचाला स्वतःचे एक मत आणि मते समान पडली तर निर्णायक मत, एवढी तरतूद आहे. मतदान आणि ही सभा यांच्यामधल्या दिवसांत काय चालते, ते गावाला ठाऊक आहे. सदस्य ‘देवदर्शनाला’ जातात. फोन बंद लागतात. कुणाला सव्वा वर्ष, कुणाला नंतरचे सव्वा वर्ष, अशी वाटणी होते. राजीनाम्याचे कागद आधीच लिहून घेतले जातात.

आधी नाव सांगितले तर पॅनेल फुटेल, त्याचे काय?

ही अडचण खरी आहे, ती उडवून लावता येणार नाही. सात ते सतरा सदस्यांच्या ग्रामपंचायतीत पॅनेल बांधताना चार-पाच जणांना ‘तुमचा विचार करू’ असे सांगितलेले असते. एकाचे नाव घेतले की बाकीचे रुसतात आणि रात्रीतून समोरच्या पॅनेलच्या चहाला जातात. बायडेन यांनी पाच महिने नाव धरून ठेवले तेही याच भीतीने. फरक इतकाच, की ती मूठ त्यांना मतदानाआधी उघडावी लागली.

दुसरा आक्षेप असा, की उपसरपंच निवडणे हा सदस्यांचा हक्क आहे, तो काढून घेतला तर त्यांच्या हातात उरते काय? यात तथ्य आहे. थेट सरपंचामुळे सदस्यांचे वजन आधीच कमी झाले आहे. म्हणून कायदा बदलून सरपंच-उपसरपंच अशी जोडीच मतपत्रिकेवर आणावी, असे मी लगेच म्हणणार नाही. त्यात आरक्षणाचे नवे गुंते निघतील आणि पुन्हा एका सरकारने आणायचे, दुसऱ्याने काढायचे, असा खेळ सुरू होईल.

पण कायद्याला हात न लावता एक गोष्ट करता येते. पॅनेलने पत्रक छापताना सरपंचपदाच्या उमेदवाराच्या फोटोखाली ‘उपसरपंचपदासाठी आमचे नाव’ अशी एक ओळ टाकायची. ती कायद्याने बंधनकारक नसेल. उद्या ते नाव बदलले तर कोर्टात जाता येणार नाही. पण ग्रामसभेत उभे राहून ‘तुमच्या पत्रकावर तर दुसरंच नाव होतं’ असे विचारता येईल, आणि गावात असा प्रश्न कोर्टाच्या नोटिशीपेक्षा जास्त बोचतो.

सरपंचपद महिलेसाठी किंवा मागासवर्गासाठी राखीव असेल, तिथे हा आग्रह दुप्पट हवा. तिच्या शेजारी कोण बसणार, ते नाव तिने स्वतः मान्य केले आहे का, हे प्रचाराच्या कोपरा सभेत तिलाच विचारा, तिच्या नवऱ्याला नको. आणि जी नावे हॉटेलात कुजबुजत घेतली जातात, त्या माणसांनाही विचारा, की उद्या सरपंच चार महिने दवाखान्यात राहिली तर टाकीत पाणी किती वाजता सोडणार आणि यात्रेतल्या दुकानांच्या पावत्या कोण फाडणार.